गिऱ्हाइकाचे मौन

व्यवहारात खोटे बोलू नये हे आपणां सर्वांस मान्य आहे. पण न बोलणे हे केव्हा खोटे होते, हा प्रश्न त्याहून अवघड. आणि तो पोथीत नव्हे, घरच्या अंगणात उभा राहतो.

प्राणहितेकाठचे अहेरी घ्या. सागवानाचा मुलूख, इथल्या वाटांना दणकट गाडीच हवी. अशा गावी एखाद्या हौशी गृहस्थाने जुन्या मोटारी जमवल्या आणि तो वारला, असे समजा. गोठ्यात त्याची विलीजची पिकअप उभी आहे. टायर बसलेले, हौद्यात कोंबड्या. घरच्यांच्या लेखी ते लोखंड. तिचे मोल जाणणारा घरात एकच होता, आणि तोच गेला. मग चंद्रपूरहून गिऱ्हाईक येते. वाकून चासीवरचा नंबर वाचते, इंजिन मूळचेच आहे, मागाहून डिझेलचे बसवलेले नाही, हे ताडते, आणि उठून म्हणते, "वहिनी, वजनाच्या भावानं नेतो, वर दोन हजार देतो. तुमची जागा तरी मोकळी होईल."

यात तो खोटे काय बोलला?

रोमच्या सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात याच जातीचा प्रश्न आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला. एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येताहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. सांगावे, की चढ्या भावाने विकून मोकळे व्हावे? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, लोकांच्या हिताचे ते दडवू नये. सिसेरोने कौल शिष्याला दिला.

मला गुरूचेही थोडे पटते. गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे तेलात हात काळे करून ही पारख कमावली. गाडी ओढून न्यायची, सुटे भाग धुंडायचे, जोखीम सारी त्याची. त्याने नफाच घेऊ नये म्हणजे वाण्याने दुकान बंद करावे. आणि आपले तुकोबा तर स्वतः वाणी! पण इथे तो गप्प राहिलाच कुठे? 'वजनाचा भाव' म्हणाला, तेव्हाच ही गाडी भंगार आहे असे सांगून बसला. आपला १८७२ चा करार कायदा कलम १७ मध्ये म्हणतो, नुसते मौन कपट नव्हे; पण मौन हेच बोलण्याच्या तोलाचे असेल तर गोष्ट वेगळी. तोच म्हणता, "गाडी नामी आहे, माझ्यापाशी इतकेच आहेत, आणखी दोघांना विचारा," तर कमी पैशांत नेऊनही तो चोख राहता.

आता घरच्यांकडे वळू. बापाने गंजलेल्या चासीला पट्टी मारून वर रंग दिला होता, हे थोरल्याला ठाऊक असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, खाजगी वापराच्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंद दिली. 'मूळ' या शब्दालाच आता पैसे आहेत. थोरल्याने तो तोंडातून काढताना पट्टीही सांगावी.

दुसरा मोह उदारपणाचा. "जाऊ द्या, टाका देऊन!" तुकोबांनी वडिलोपार्जित कर्जखते इंद्रायणीत सोडली ही कथा सर्वश्रुत आहे, पण धाकट्या कान्होबाचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला, हे आपण भराभर वाचून जातो. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली, आई यांचा त्या गाडीत सारखा हिस्सा. (आदिवासी कुळांत त्यांची रूढी पाहावी.) सासरी नांदणाऱ्या बहिणीच्या हिश्शाचे दान भावाला करता येत नाही.

तेव्हा मालक वारल्याची खबर तीस दिवसांत परिवहन कार्यालयात द्यावी, तीन महिन्यांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज करावा, बहिणीला बोलावून घ्यावे, आणि भाव तिच्यासमोर ठरवावा. तोवर कोंबड्या हौद्यात राहिनात का.