घड्याळाचा काटा

घड्याळांतील सर्व कर्तृत्व चाकांचें आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगेचें. काटा हा केवळ सांगकाम्या. मग कांहीं कारागीर त्याच काट्यावर इतके श्रम कां वेंचतात, असा प्रश्न चेंबूरच्या एका स्नेह्यांनीं मजपुढें मांडला. प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

हातानें काटा घडवावयाचा तर पोलादाचा पातळ पत्रा कानशीनें घांसून आकारास आणावा लागतो, भोंक आंसाशीं नेमकें जुळवावें लागतें, पृष्ठभाग आरशासारखा करावा लागतो. मग मंद आंच. पोलाद आधीं गवतासारखें पिंवळें, पुढें तपकिरी, जांभळें आणि सुमारें 300 अंश सेंटिग्रेडला गर्द निळें होतें. क्षणभर उशीर झाला कीं निळाई फिकी पडते आणि पुन्हा घांसण्यापासून आरंभ! बोटाचा ठसा राहिला असेल, तर आंच तो डाग उघडा करिते.

आतां, हीच निळाई रंग फांसूनही आणतां येते आणि वेळ तितकीच बरोबर कळते. तेव्हां निळाई हें सौंदर्य आहे, कर्तव्य नव्हे, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. कर्तव्य आहे तें काट्याच्या टोंकाशीं: तें मिनिटांच्या रेषेपर्यंत पोंचावें आणि चाकांनीं जें सांगितलें तेंच त्यानें दाखवावें.

1906 सालीं हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईच्या नगरपालिकेनें सुमारें 39 मिनिटें मागें असलेली ‘मुंबई वेळ’ पुढें कित्येक दशकें सोडली नाहीं. एकाच शहरांत दोन घड्याळें दोन वेळा दाखवीत. पण कोणताही काटा खोटा नव्हता. कोणती वेळ पाळावयाची, हा निर्णय माणसांचा होता.

आपल्यापैकीं बहुतेकांचें जिणें काट्याचेंच असतें. शिक्षक ज्ञान निर्मीत नाहीं, कारकून कायदा करीत नाहीं, बातमीदार घटना घडवीत नाहीं. तिघेही दुसऱ्याचें सांगणें पुढें पोंचवितात. ह्यांत कमीपणा नाहीं. पोंचविणारा डळमळला तर उत्तम यंत्रही व्यर्थ होतें. मात्र उपमा येथेंच थांबते. चाकें चुकलीं हें काट्यास कळूं शकत नाहीं; माणसास कळतें. कळल्यावरही जो ‘मी तर सांगकाम्या’ म्हणून चुकीची वेळ दाखवीत राहतो, त्याची निळाई कितीही गर्द असो, ती वर फांसलेलीच समजावी.