चाहूल आणि उतारा

मराठीत 'चाहूल' असा एक शब्द आहे. आमच्याकडच्या, म्हणजे मध्य प्रदेशात वाढलेल्या मुलांना तो हळूहळू परका होत चालला आहे. ती 'आहट' म्हणतात. १९९५ मध्ये दूरदर्शनच्या संचावर त्याच नावाची भुताखेतांची मालिका सुरू झाली आणि तो शब्द घरोघर पक्का झाला. पण दोन्ही शब्दांत फरक आहे. आहट कानाला येते. पाऊल वाजले, दार करकरले, की आहट. चाहूल लागायला आवाज लागतोच असे नाही. थंडीची चाहूल लागते, पाहुण्याची लागते, मरणाचीही लागते. आजी म्हणायची, "मला चाहूल लागली होती हो," आणि कशाने लागली ते तिला सांगता यायचे नाही. जपानी भाषेत 'केहाई' हा शब्द साधारण याच अर्थाचा आहे. कुणीतरी असल्याचे, काहीतरी येत असल्याचे नुसते जाणवणे.

हे आठवायचे कारण जपानी भयपट. वीसेक वर्षांपूर्वी भाच्याने सीडीवर आणून दिलेला हिदेओ नाकाता यांचा 'रिंग' (१९९८) मी पहिल्यांदा पाहिला. कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. तोवर भयपट म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर रामसे बंधू. १९८४ चा त्यांचा 'पुराना मंदिर' ज्यांनी पाहिला त्यांना विजा, वटवाघळे, किंकाळ्या आणि मुखवटा घातलेला राक्षस आठवत असेल. त्यात भीती अंगावर धावून येते आणि आपण निम्मे घाबरतो, निम्मे हसतो. 'रिंग'मध्ये बराच वेळ काही घडतच नाही. एक ध्वनिचित्रफीत आहे. ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी माणूस मरतो. ही एवढीशी गोष्ट कळल्यावर पुढचे सगळे नुसते दिवस मोजणे. तारखा पडद्यावर येतात, बाई कामावर जाते, मुलगा शाळेत जातो, पाऊस पडतो. रक्त जवळजवळ नाहीच. तरी चित्रपट संपल्यावर बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडे पाहवत नव्हते.

कियोशी कुरोसावा यांचा 'क्युअर' (१९९७) याहून अवघड. त्यात साधीसुधी माणसे, शिक्षक, पोलीस, डॉक्टर, कुणाचा तरी खून करतात आणि का केला ते त्यांना धड सांगता येत नाही. एक तरुण फक्त त्यांना विचारत असतो, तू कोण आहेस? दिग्दर्शक कॅमेरा लांब ठेवतो, खोलीतला रिकामा कोपरा बराच वेळ दाखवतो, आणि त्या कोपऱ्यात काय आहे हे शोधायचे काम आपल्यावर टाकतो. आपल्याकडे हे पडद्यावर क्वचित झाले, कागदावर मात्र झाले. नारायण धारपांच्या चांगल्या कथांत झाले, रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत झाले. आणि जी. ए. कुलकर्णी यांना कुणी भयकथाकार म्हणणार नाही, पण बेळगावचा हा माणूस धारवाडला बसून जे लिहीत होता त्यात चाहुलीखेरीज दुसरे काय होते? कदाचित दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याला ही विद्या लवकर येते. शेजारच्या खोलीतले बोलणे त्याला अर्धे कळते, अर्धे अंदाजाने भरून काढावे लागते. असो.

मला या चित्रपटांत जो प्रश्न पडला तो भुतांचा नाही. चाहूल लागल्यावर माणसाने काय करायचे, हा आहे.

नाकाता यांचाच 'डार्क वॉटर' (२००२) पाहा. नवऱ्यापासून विभक्त होऊ पाहणारी एक बाई लहान मुलीला घेऊन जुन्या इमारतीत भाड्याने राहायला येते. छताला ओल आहे. डाग रोज थोडा वाढतो. नळाच्या पाण्यात केस येतो. ती रखवालदाराला सांगते, घर देणाऱ्या दलालाला सांगते. ते हो म्हणतात आणि काही करत नाहीत. ओल म्हणजे काय, जुन्या इमारतीत असायचीच. पुढे कळते की वर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक हरवलेली मुलगी बुडालेली आहे, आणि सारी इमारत तेच पाणी वापरत होती. या चित्रपटात भूत आहे खरे. पण मला थरकाप आणतो तो रखवालदार. तो दुष्ट नाही. रोजच्या कामात अडथळा येऊ नये एवढीच त्याची इच्छा.

भोपाळमध्ये राहून हा चित्रपट नुसता चित्रपट म्हणून पाहता येत नाही. आमचे घर जवाहर चौकाजवळ, टी.टी. नगरात. (टी.टी. म्हणजे तात्या टोपे, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगावे लागते. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लपून बसले आहे.) १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, भोपाळ राजधानी झाली आणि सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबे फायलींबरोबर इकडे आली. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी ही सरकारी क्वार्टरे उठली. तळ्याच्या अलीकडे नवे भोपाळ, पलीकडे जुने शहर आणि त्याच्या उत्तरेला युनियन कार्बाइडचा कारखाना. तो १९६९ मध्ये आला. मिथाइल आयसोसायनेट, ज्याला सगळे 'मिक' म्हणू लागले, ते इथेच बनवायला १९८० मध्ये सुरुवात झाली.

त्यानंतरचा काळ कुणी जपानी दिग्दर्शकाने रचावा तसा आहे. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एक कामगार मेला. १९८२ च्या आरंभी पुन्हा गळती, आणखी कामगार रुग्णालयात. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी करून धोक्यांची यादी लिहून दिली. सप्टेंबर-ऑक्टोबरात राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात लागोपाठ लिहिले की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर आहे. मेलेला कामगार त्यांच्या ओळखीचा होता, तिथून ते शोध घेत गेले. विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा कारखाना म्हणजे काही दगड नव्हे की उचलून दुसरीकडे ठेवावा, अशा अर्थाचे उत्तर मंत्र्यांनी दिले. जून १९८४ मध्ये केसवानींनी 'जनसत्ता'त पुन्हा लिहिले. त्याच उन्हाळ्यात खर्च वाचवण्यासाठी त्या वायूच्या टाक्या थंड ठेवणारे यंत्र बंद करण्यात आले होते. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले.

पुढचे सांगायला नको. नुकसानभरपाईच्या सरकारी हिशेबातही मृतांचा आकडा पाच हजारांवर जातो आणि जुन्या शहरात कुणी तो हिशेब मानत नाही. त्या वेळच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ गॅसपीडित ठरले. वारा आमच्या बाजूला फारसा वळला नाही.

केसवानींना नंतर पुरस्कार मिळाला, देशभर नाव झाले. २०२१ मध्ये ते गेले. आपले लिहिणे अपयशी ठरले म्हणून आपण प्रसिद्ध झालो, या गोष्टीचे ओझे त्यांच्या बोलण्यात अखेरपर्यंत जाणवे. मी त्यांच्याविषयी जेव्हा विचार करतो तेव्हा वाटते की चाहूल ही अंधश्रद्धा नाही, ते अर्धवट ज्ञान आहे. पुरावा पूर्ण व्हायच्या आधीचे. आणि नीतीच्या दृष्टीने सगळी अडचण इथेच आहे, कारण पुरावा पूर्ण होतो तो प्रेते मोजताना. 'मला ठाऊक नव्हते' हे वाक्य न्यायालयात चालते. 'मला वाटत होते, पण खात्री नव्हती' याचे काय करायचे हे ठरवणे अवघड. जपानी लोकांना हे वेगळ्या मार्गाने शिकावे लागले. मिनामाताच्या किनाऱ्यावर आधी मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली, लोक त्याला नाचऱ्या मांजरांचा रोग म्हणत. १९५६ मध्ये माणसांतला रोग अधिकृतपणे नोंदला गेला. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा हे त्याचे कारण सरकारने मान्य केले १९६८ मध्ये. बारा वर्षे. त्या देशाच्या भयपटात पाणी इतके का असते याचे हेच उत्तर असे मी म्हणणार नाही. पण पाण्याकडे संशयाने पाहणे त्यांना शिकवावे लागत नाही.

आता 'रिंग'च्या शेवटाकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे. शापातून सुटायचा मार्ग नायिकेला सापडतो. ध्वनिचित्रफितीची नक्कल करायची आणि ती दुसऱ्या कुणाला दाखवायची. मग आपण सुटतो, तो अडकतो. तिच्या लहान मुलाने ती फीत पाहिलेली आहे. शेवटच्या दृश्यात ती गाडीतून निघाली आहे, आपल्या वडिलांकडे. मुलासाठी तुमची मदत हवी, एवढेच ती त्यांना फोनवर सांगते. आकाशात ढग भरून आलेले आहेत.

हा शेवट पाहताना आपल्याला काही ओळखीचे वाटत नाही का? अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चौकात आजही कधी कधी उतारा ठेवलेला दिसतो. कापलेले लिंबू, कुंकू, मिरच्या, पणती, कधी नारळ. आजारी मुलावरून उतरून रात्री कुणी तिथे ठेवून जाते आणि मागे वळून पाहत नाही. जो पहिला ओलांडेल त्याला ती पीडा लागते, असा समज. शाळेत जाताना आई आमचा हात ओढून बाजूने न्यायची. "ओलांडू नकोस रे" एवढेच तिला ठाऊक. ज्याने ठेवला त्याच्याबद्दल ती कधी वाईट बोलली नाही, आणि मलाही बोलवत नाही. तापाने फणफणलेले मूल मांडीवर असलेल्या आईला तत्त्वज्ञान सांगू नये. पण उतारा चव्हाट्यावरच का ठेवतात? आपल्याच अंगणात का नाही? कारण चव्हाट्यावरून जाणाऱ्याला चेहरा नसतो. तो कुणीही असतो, म्हणजे आपला कुणी नसतो. आणि प्रत्यक्षात तो उतारा रोज पहाटे ओलांडते, उचलते, झाडूने गोळा करते ती नगर निगमची सफाई कामगार. तिला विचारून कुणी ठेवलेला नसतो.

'रिंग'मधली आई याहून एक पाऊल पुढे जाते, किंवा मागे. ती चेहरा असलेला माणूस निवडते, आणि तोही स्वतःचा बाप. मी तिला दोष देऊ शकत नाही. आजोबांना विचारले असते तर बहुधा ते हो म्हणाले असते, आपल्याकडचे आजोबा तर नक्कीच. माझे म्हणणे एवढेच की विचारणे आणि गृहीत धरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जो स्वखुशीने ओझे घेतो तो दाता, आणि ज्याच्या नकळत ते डोक्यावर ठेवले तो बळी. ओझे तेच. 'डार्क वॉटर'मधली आई उलट करते. त्या बुडालेल्या मुलीला ती स्वतःच जवळ घेते, तिची आई होते, आणि पोटच्या मुलीला कायमची सोडते. तेही मला पूर्ण पटत नाही. मुलगी वाचली, पण आईविना वाढली. तिला तरी कुणी विचारले होते?

कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला विषारी कचरा आमच्या शहराचा उतारा होता. चाळीस वर्षे तो कुठल्या चौकात ठेवावा हे ठरेना. गुजरातेत अंकलेश्वरला न्यायचे ठरले, त्यांनी नाही म्हटले. जर्मनीला पाठवायची बोलणी झाली, ती २०१२ मध्ये फिसकटली. मधल्या काळात नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन खात्याच्या भट्टीत जाळायचे निघाले, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. नागपूरच्या मावसभावाचा मला फोन आला होता. म्हणाला, "दादा, तुमचं विष आमच्याकडे कशाला?" राजधानी घेऊन गेलात, आता हे पाठवता होय, असेही हसत हसत म्हणाला. मी काय उत्तर देणार? जुन्या शहरातल्या, कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्त्यांना २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगावे लागले तेव्हा कुठे चांगले पाणी देण्याची हालचाल सुरू झाली होती. त्या बायांना जर मी म्हटले असते, नागपूरकरांचा विचार करा, तर त्यांनी माझ्याकडे कसे पाहिले असते?

अखेर १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा बंद गाड्यांतून, रस्ते मोकळे करून, अडीचशे किलोमीटरवर इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला. तिथले लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयाच्या देखरेखीत आधी चाचणी झाली आणि जूनअखेर सारे जाळून झाले. तज्ज्ञ म्हणतात, मर्यादेत राहून, नीट झाले. मला त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. शास्त्र उताऱ्यासारखे नसते, भट्टीत विष खरेच नष्ट होऊ शकते. पण राख उरली, ती मूळ कचऱ्याहून जास्त, आणि ती कुठे पुरायची हा वाद पुन्हा न्यायालयात गेला. कारखान्याखालची माती आणि पाणी तर जिथल्या तिथे आहे.

गाड्या निघाल्या त्या रात्री आमच्या इमारतीत गच्चीवर नव्या वर्षाचे जेवण होते. कुणीतरी मोबाइलवर त्या ताफ्याचे चित्रण दाखवले. चला, सुटलो एकदाचे, असे एक गृहस्थ म्हणाले आणि पुरी वाढून घेतली. माझी नात शेजारी होती, बारावीतली. 'रिंग' तिने आदल्याच महिन्यात माझ्याबरोबर पाहिला होता. तिने मला हळूच विचारले, "आजोबा, त्या बाईच्या वडिलांनी नंतर ती टेप कोणाला दाखवली असेल?"

चित्रपट तिथवर जात नाही, असे मी तिला सांगितले.