रबरात रुतलेला खडा

।। श्री गुरुदेव दत्त ।।



आमच्या गोरव्याच्या घरी सासऱ्यांची जुनी रेसर सायकल आहे. मुलाने ती परवा बाहेर काढली. ब्रेक दाबला की किर्र आवाज, आणि रिमवर लांब ओरखडा. ब्रेकचे रबर काढून पाहिले, तर जुने होऊन दगडासारखे कडक झालेले आणि त्यात बारीक खडा रुतलेला. मुलगा म्हणाला, "आई, ब्रेक लागतोय गं, पण दर वेळी रिम खरवडतोय."

ऐकून आम्ही गप्पच झालो. वाटणीवरून धाकट्या जाऊबाईंशी बोलाचाली झाली, तेव्हापासून आम्ही तोंड आवरून आहोत. मनात म्हणायचो, केवढा आपला संयम! पण आत खडा होताच. आमच्या अबोल्याने तिला रोज ओरखडा पडत होता.

सद्गुरू वाणीला आवर घालायला सांगतात, ते समोरच्याला दुखवायला नव्हे. रबर मऊ असते, स्वतः झिजते, म्हणून चाक थांबते.

मुलाने नवे रबर बसवले. ज्या पट्टीत रबर सरकवतात, तिची बंद बाजू पुढे ठेवली. उलटी बसली तर ब्रेक दाबताच रबर निसटते. आपल्या संयमालाही असा आधार लागतो, तो नामाचा.

संध्याकाळी माळ करून आम्ही जाऊबाईंना फोन लावला. आधी दोघी रडलो, मग बोललो.

आज आरतीनंतर आपणही बघू या, आपल्या गप्प राहण्यात कुठे खडा तर नाही ना?

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।