वंशावळीचा दावा

पूर्वी आपल्याकडे वंशावळ सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यामागे बहुधा एखादा तंटा असे. पाटिलकीच्या वतनावर दोन घराणी हक्क सांगू लागली की गोतसभेपुढे उभय पक्षांच्या तकरिरा होत, पणज्या-खापरपणज्यांची नावे उच्चारली जात आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. पुढे 1852च्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हा तर ज्यांना सनद आणि परंपरा शाबीत करता आली नाही अशा कित्येकांची इनामे खालसा झाली. पूर्वजांचा तो शोध पोटापाण्याचा होता, आणि तो तसा आहे हे कोणी लपवीतही नसे.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली, पण शोध थांबला नाही. मोडी जाणणाऱ्याची मनधरणी करून, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या चाळून कुलवृत्तांत सिद्ध करणारे उत्साही गृहस्थ आजही भेटतात. त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर आहे. परंतु घराण्यात एखादा सरदार, गेला बाजार फडावरचा कारकून तरी निघावा, ही त्यांपैकी पुष्कळांची आंतरिक इच्छा पाहिली म्हणजे वाटते, की दावा जुनाच आहे, फक्त जमिनीच्या जागी प्रतिष्ठा आली आहे. वस्तुतः दहाव्या पिढीपर्यंत मागे गेल्यास प्रत्येकाच्या पूर्वजांची 1024 स्थाने भरतात, आणि आपला वंशवृक्ष त्यांतले एकच, बापाच्या बापाचे, निवडून बाकीची सोडून देतो. या बाबतीत श्राद्धाचा विधी अधिक उदार म्हटला पाहिजे, कारण त्यात पितृत्रयीबरोबर आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे तीन पुरुष यांचेही स्मरण केले जाते.

मॉरिशसमधील शोध मला म्हणूनच निराळ्या जातीचा वाटतो. 1834पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध होऊन गेलेल्या हिंदी मजुरांत मुंबई बंदरातून गलबतावर चढलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते; त्यांचे वंशज मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील नोंदवह्यांत पूर्वजाचा क्रमांक, बापाचे नाव, जात, गाव, उंची आणि अंगावरील खूण शोधीत बसतात. सापडणार तो मजूरच, हे त्यांना आधीपासून ठाऊक असते. त्या नोंदीने त्यांना ना जमीन मिळावयाची, ना सरदारकी. आपल्यासाठी कोणी किती सोसले एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असते, आणि वारसाहक्कापेक्षा ऋणाचा हा शोध मी श्रेष्ठ मानतो. त्या वह्यांत मजूर स्त्रीलाही तिचा स्वतःचा क्रमांक आहे.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापावयास घेतलेल्या मंडळींना एवढीच विनंती, की घरातील वृद्ध हयात आहेत तोवर आज्या-पणज्यांची माहेरची नावे त्यांना विचारून घ्यावीत, आणि कर्जापायी परागंदा झालेल्या चुलत्याचे नाव यादीतून गाळू नये.