संहाराचा पाठ कोणी द्यावा?

माणसांनीच माणसांचा एक वंश पुसून टाकण्याचा घाट घातला, ही गोष्ट शाळेतल्या लेकरांना सांगावी का? आणि सांगायची तर सांगणाऱ्याची तयारी काय असावी?

हा प्रश्न दूर देशीचा नव्हे. ठाण्यात १८७९ सालचे सिनेगॉग उभे आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. तिथले बेने इस्राएल लोक मराठीच. कोकणात तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. १८८० च्या सुमारास त्यांनी अब्राहामाची कथा मराठी कीर्तनातून गायिली. त्यांच्याच धर्माची सुमारे साठ लाख माणसे हिटलरच्या राजवटीने युरोपात मारली. आणि आपल्याकडे कडक मास्तरांना मुले हसत हसत ‘हिटलर’ म्हणतात!

कोणी म्हणेल, एवढे अमंगल मुलांपुढे कशाला? मुले ते मोबाईलवर ऐकतातच. मग जाणत्याच्या मुखाने ऐकलेले बरे.

पहिली तयारी रसाची. कीर्तनात वधाचा प्रसंग रंगला की श्रोते पुढे सरकतात, टाळ चढतो. संहार शिकवताना हा रंग चढू देऊ नये. प्रेतांची चित्रे दाखवून मुलांना हादरवू नये, वर्गात मारणाऱ्या-मरणाऱ्यांची सोंगे आणू नयेत. एक जीव दाखवावा. ॲन फ्रँक नावाच्या मुलीला तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली. लपून राहून तिने त्या वहीत मन लिहिले. १९४५ साली छावणीत तिचा मृत्यू झाला.

दुसरी तयारी आरंभ सांगण्याची. १९३३ साली यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार आला, १९३५ साली त्यांचे नागरिकत्व गेले. संहाराच्या छावण्या आणि विषारी वायूच्या कोठड्या नंतरच्या. रवांडात १९९४ साली रेडिओवरून शेजाऱ्यांना ‘झुरळे’ म्हटले, आणि माणसे कोयते घेऊन निघाली. हात उठण्याआधी जीभ सुटते.

तिसरी तयारी सर्वांत कठीण. मूल विचारील, “गुरुजी, आपल्याकडे कोणाला असे दूर ठेवले होते का?” तेव्हा नजर चुकवू नये. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का, ते सांगावे. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून उपोषण मांडले, तेही सांगावे. दाराबाहेर ठेवणे म्हणजे वंशसंहार नव्हे. हा भेद शिक्षकाने नीट करून द्यावा. पण ‘हा आपल्यातला नाही’ हे पहिले पाऊल दोन्हीकडे आहे. आणि हा धडा आज कोणा जातीला वा धर्माला झोडपण्यासाठी वापरला, तर शिकवणाराच तो शिकला नाही असे समजावे.

मागे टाळ धरून वर्षे काढल्यावाचून नारदाच्या गादीवर कोणी उभे राहत नाही. शिक्षकालाही तसा अवकाश द्या. त्याने आधी वाचावे, जाणत्यांशी बोलावे, मगच बोलावे.

आणि माउली, शाळा दुपारी सुटते. पुढचा पाठ तुमच्या घरी चालतो. जेवताना ‘ते लोक’ असा शब्द ओठांवर आला, तर ताटाशी बसलेल्या लेकराकडे एकदा पाहा. ज्याच्या ठायी विठ्ठल नाही असा जीव आपल्या संतांनी कधी दाखवला नाही.