चिन्हाचा अर्थ कोणाचा?

जर्मनींतील कोबुर्ग हें नगर इंग्रजी इतिहासाच्या वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. व्हिक्टोरिया राणीचे पति प्रिन्स आल्बर्ट इ. स. १८१९ मध्यें याच नगरानजीक जन्मले. या नगराच्या मानचिन्हावर मात्र सिंह नाहीं, राजमुकुटहि नाहीं; सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्ण पुरुषाचें मस्तक आहे.

हें मस्तक संत मॉरिस याचें. इजिप्तमधील थीब्सकडच्या रोमन पलटणीचा हा नायक. सदसद्विवेकबुद्धीस न पटणारी बादशहाची आज्ञा त्यानें मोडली आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सैनिकांसह मरण पत्करलें, अशी आख्यायिका आहे. तोच कोबुर्गचा रक्षक संत मानला जातो.

इ. स. १९३४ मध्यें नाझी राजवटीनें हें मस्तक काढून टाकलें आणि त्या जागीं, मुठीवर स्वस्तिक असलेली तरवार बसविली. आज्ञाभंग करणारा कृष्णवर्ण संत त्या राजवटीच्या ढालीवर शोभण्यासारखा नव्हताच! १९४५ मध्यें तरवार गेली, मॉरिस परतला. येथें कथा संपावयास हवी होती. पण २०२० मध्यें हें चिन्ह बदलावें अशी मागणी पुढें आली. जाड ओठ व कानांतील कुंडल यांमुळें हें आफ्रिकी माणसाचें विडंबन होतें, असा आक्षेप होता. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, ज्यास शतकानुशतकें पूज्य मानलें त्यास हांकलणें हाच त्याचा अपमान होय.

हा वाद परक्यांचा म्हणून आम्हांस दूर सारतां येत नाहीं. आमच्या उंबरठ्यावर रांगोळीचें स्वस्तिक असतें. त्याचें मूळ मंगल आहे, हें आम्ही शपथेवर सांगूं. पण ज्याचे आप्त त्याच आकृतीच्या निशाणाखालीं मारले गेले, असा ज्यू पाहुणा दारांत थबकला, तर 'मूळ पाहा' एवढेंच सांगून आमचें कर्तव्य संपतें काय?

आम्हांस वाटतें, मूळ अर्थ चिन्हास निर्दोष ठरवितो. पाहणाऱ्याची वेदना खोटी ठरविण्याचा अधिकार मात्र तो आम्हांस देत नाहीं. स्वस्तिक आम्हीं पुसूं नये. पण थबकलेल्या पाहुण्याचें आधीं ऐकावें आणि मग आपलें सांगावें. कोबुर्गनेंहि मॉरिसला सोडूं नये. परंतु तेराव्या शतकांतील शिल्पकारानें माग्डेबुर्गच्या महामंदिरांत याच संताची मूर्ति घडविली, ती आफ्रिकी मुद्रेची असून पूर्ण मानवी आहे. तसा चेहरा ढालीवर यावा. पूर्वजांचा आदर चिन्ह राखण्यानें होतो खरा. पण ज्याचा चेहरा आपण मिरवितों, त्याच्या वंशजांस मान खालीं घालावी लागणार नाहीं, हें पाहण्यानें तो पुरा होतो.