भजनाने शांती येते का?

दत्तजयंतीचा सप्ताह आला की आपण टाळ हाती घेतो, करुणात्रिपदी म्हणतो, आरती करून प्रसाद घेऊन घरी जातो. मन हलकं होतं, हा सर्वांचाच अनुभव. पण आता नातवंडांच्या वयाची मुलं विचारतात, "आजोबा, जगभर गायक शांतीची गाणी गात फिरतात, तुम्हीही रोज देवाकडे शांती मागता, मग भांडणं का मिटत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. आमचा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीत गेला, त्यामुळे तो टाळताही येत नाही.

दत्तमहाराजांचे चोवीस गुरू आपल्याला ठाऊक आहेत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत ते यदुराजाला सांगतो आणि नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात त्याचा विस्तार केला आहे. त्यातले दोन गुरू नादाशी संबंधित आहेत. एक हरीण. ते गाण्याला भुलतं आणि पारध्याच्या हाती सापडतं. दुसरी कुमारी. घरी पाहुणे आलेले, ती आत भात कांडायला बसली, तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. तिने एकेक कमी केली. दोन उरल्या तरी वाजतच होत्या. एकच ठेवली तेव्हा आवाज थांबला. अवधूताने बोध घेतला की पुष्कळजण एकत्र आले की कलह होतो, म्हणून एकट्याने राहावं.

हा बोध विरक्ताला ठीक. गृहस्थाने काय करायचं? वरळीच्या बीडीडीत १२१ इमारती होत्या, एकेका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. पॅसेज एक, नळ आणि संडास सामाईक. आम्ही बांगड्या उतरवून ठेवायच्या कुठे? वाजणं हे तर चाळीचं जिणंच.

आणि एकदा त्या फार वाईट वाजल्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल पेटली. सवर्ण आणि दलित, कालपर्यंत एका नळावर पाणी भरणारी माणसं, गच्चीवरून एकमेकांवर दगड टाकू लागली. मी तेव्हा विशीतला. त्या दिवसांत हरणाचा अर्थ कळला. गाणं मनाला जिकडे वळवावं तिकडे नेतं. घोषणेलाही ताल असतो आणि त्या तालावर माणूस पेटतो. म्हणजे शांती काही सुरात आपोआप बसलेली नसते.

आमच्या मजल्यावरचं गुरुवारचं भजन कित्येक आठवडे बंद पडलं. ढोलकी वाजवणारा गडी शेजारच्या इमारतीतला, बौद्ध घरातला. हात असा की बुवासुद्धा त्याच्याकडे बघून लय धरायचे. जरा निवल्यावर माझी आई त्याच्याकडे गेली. म्हणाली, "अरे, तुझ्यावाचून भजन अडलंय. ये की." तो म्हणाला, "मावशी, येईन हो. पण जिन्यात दगड घेऊन उभे होते, त्यातले दोघं तुमच्यात टाळ वाजवतात. त्यांच्या मांडीला मांडी लावून मी देवाचं नाव कसं घेऊ?"

आईने परत येऊन हा प्रश्न साऱ्या मंडळींपुढे जसाच्या तसा ठेवला. कुणी म्हणालं, झालं गेलं विसरावं. आई म्हणाली, "विसरायचं की नाही ते त्यानं ठरवायचं. आपण आधी त्याच्या दारात जायचं." त्या दोघांतला एक गेला, उंबऱ्यात उभा राहून हात जोडले. दुसऱ्याने भजनच सोडलं. ढोलकीवाला काही महिन्यांनी आला. पूर्वीइतक्या मोकळेपणी तो कधीच हसला नाही, पण ठेका मात्र तोच होता.

त्या मुलांना मी हेच सांगतो. भजनाने शांती आणली नाही. भजन पुन्हा व्हावं असं वाटलं म्हणून एक माणूस एका दारात गेला आणि शांती तिथे थोडी आली.

संतांनीही हेच केलं. नामदेवराय पंजाबात गेले, तिथल्या लोकांच्या भाषेत गायले आणि त्यांची ६१ पदं गुरुग्रंथसाहेबात मानाने बसली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी म्हणजे देवगिरीवरचे दत्तभक्त. त्यांच्या या शिष्याने हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात दोघे आधी कडाकडा भांडतात आणि मग एकमेकांना उमगतात. भांडण झाकून ठेवलेलं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तर आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले. मराठीत आणि हिंदीत भजनं रचली, खंजिरी वाजवत गावोगाव फिरले. १९५५ साली विश्वशांतीच्या परिषदेसाठी जपानला गेले. अणुबाँब पडून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. पण त्यांच्या कार्यात सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीला ग्रामसफाई होती. गाऊन झाल्यावर हाताला काम होतं.

आता पुन्हा त्या कुमारीकडे येऊ. बांगड्या वाजतात तसा टाळही वाजतो. तोही दोन वाट्यांचा, एकमेकींवर आपटणारा. तरी एकाचा आवाज कलकल आणि दुसऱ्याचं भजन, असं का? टाळकरी शेजाऱ्याचा ठेका ऐकून हात उचलतो. ज्याचा आवाज मोठा तो जरा खाली घेतो, जो मागे पडला त्याच्यासाठी बुवा थांबतात. गर्दीत राहणाऱ्या गृहस्थाला हीच साधना. एकटं राहता येत नसेल तर निदान ऐकून वाजावं.

करुणात्रिपदीत आपण सद्गुरूंचा कोप निवावा म्हणून विनवतो. ते म्हणताना एकदा मनाला विचारावं, आपला कोप कुणावर धुमसतोय? देवाने निवावं आणि आपण तसंच तापलेलं राहावं, हे बरं दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातली पहिली ५५६ घरं रहिवाशांच्या ताब्यात आली. ५०० चौरस फूट, आत संडास, लिफ्ट. आमच्या बायकांनी उभा जन्म सोसलं, त्यांना हे सुख मिळायलाच हवं. पण दार लावलं की शेजारी आहे की गेला तेही कळत नाही. आता प्रत्येक घरात बांगडी एकच, म्हणून शांतता खूप. शांतता दार लावून मिळते, शांतीसाठी मात्र दार उघडावं लागतं.

म्हणून या दत्तजयंतीला सुंठवडा वाटताना एक घर जास्त घ्यावं, ज्यांच्याशी आपलं बोलणं नाही ते. त्यांनी दार उघडलं नाही तर पुढच्या गुरुवारी पुन्हा जावं. टाळ मग हाती घ्यावा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥